रायपूर ते गुवाहाटी, एक तास पन्नास मिनिटं

राज्य नवं झालं तेव्हा आमचं कार्यालय शंकर नगरातल्या एका भाड्याच्या बंगल्यात होतं. साहेब मोठ्या बेडरूममध्ये बसायचे, बाकीचे बाबू हॉलमध्ये आणि मी स्वयंपाकघरात. ओट्यावर माझं आवक-जावक रजिस्टर, ओट्याखाली भोपाळहून ट्रकनं आलेल्या फायली. फॅक्स मशीन न्हाणीघरात होतं, कारण टेलिफोनची वायर तिथल्याच खिडकीतून आत आली होती. वरच्या मजल्यावर घरमालक राहत. त्यांच्याकडे फोडणी पडली की खाली आमचे साहेब शिंकत आणि मग हॉलमधून कोणीतरी ओरडे, "आज अरहर की दाल है, सर!"

मी कोशाच्या विभागात लागले होते. कोसा म्हणजे आमच्याकडचं रानातलं रेशीम. वय चोवीस, नोकरीला आठ महिने. घर गुढ़ियारीत. बाबा रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले, मूळचे वर्ध्याकडचे. त्यांच्या दृष्टीनं मी 'राजधानीत' कामाला जात होते, म्हणजे घरापासून पाच किलोमीटरवर.

साहेब भोपाळचे. राज्य फुटलं तेव्हा त्यांचं नाव आमच्या वाट्याला आलं, हे त्यांना अजून पटलेलं नव्हतं. त्यांचं कुटुंब भोपाळलाच होतं, त्यांची गाडी भोपाळच्या नंबरची होती आणि बोलता बोलता ते "हमारे यहाँ" म्हणाले की आम्ही समजून घ्यायचं की भोपाळ. पण बाहेरच्या माणसानं "रायपूर? मध्य प्रदेशवालं?" असं विचारलं की त्यांच्या कपाळावर शीर उठायची. "छत्तीसगढ़," ते म्हणत. "राजधानी."

त्या हिवाळ्यात दिल्लीहून एक फॉर्म आला. गुवाहाटीला रानरेशमाच्या राज्यांचा एक दिवसाचा मेळावा होता. आमचा कोसा, त्यांचा मुगा, आणखी कोणाकोणाचं काय काय. प्रत्येक राज्यानं नमुने आणायचे, आपल्या कामावर अर्धा तास बोलायचं. फॉर्ममध्ये बारा रकाने होते. अकरा मी दुपारपर्यंत भरले. उरला तो असा: 'राजधानी के हवाई अड्डे से गुवाहाटी हवाई अड्डे की दूरी एवं यात्रा का समय.'

आमच्या ऑफिसात विमानात बसलेला माणूस एकच, साहेब. मी आत जाऊन विचारलं.

"सीधी दूरी लिखिए," साहेब म्हणाले. "हवाई जहाज़ सीधा ही उड़ता है."

मी शाळेचा नकाशा मागवला. जुना होता, त्यात रायपूर हा साधा ठिपका होता. राजधानीचा गोल अजून भोपाळभोवतीच. धाग्याची आमच्या विभागात कमी नव्हती. कोशाचा एक धागा रायपूरच्या ठिपक्यावर धरला, दुसरं टोक गुवाहाटीवर ओढलं, पट्टीवर मोजलं. साडेअकराशे किलोमीटरच्या आसपास आलं. मग विमानाचा वेग पाहिजे. तो स्पर्धा परीक्षेच्या गाइडमध्ये सापडला. भागाकार केला, एक तास चाळीस मिनिटं.

"चढ़ने-उतरने के दस मिनट जोड़ दीजिए," साहेब म्हणाले. मी जोडले. ते नकाशावर वाकले आणि म्हणाले, "ज़रा भोपाल से नापिए."

भोपाळपासून धागा पुरेना. साहेबांचा चेहरा आधी पडला आणि मग हळूहळू फुलला. "मतलब हम भोपाल से ज़्यादा पास हैं," ते म्हणाले. राज्य झाल्यापासून आमच्या ऑफिसात ते पहिल्यांदाच 'हम' रायपूरसाठी म्हणाले होते. त्या खुशीतच त्यांनी सही केली आणि एवढ्या जवळच्या दौऱ्याला सोबत मलाच न्यायचं ठरवलं.

संध्याकाळी घरी मी मोठ्या तोऱ्यात बाबांना सांगितलं. ते अंगणात दिवसभर उन्हात ठेवलेले ट्रान्झिस्टरचे सेल गोळा करत होते.

"गुवाहाटी," ते म्हणाले. "डायरेक्ट आहे का चेंज आहे?"

"बाबा, विमान आहे ते."

"मले समजलं विमान आहे म्हणून. डायरेक्ट आहे का, ते विचारून राहिलो. अन् किती वाजता सुटते?"

मला ते माहीत नव्हतं. फॉर्ममध्ये तसा रकानाच नव्हता, असं मी सांगितलं.

"मंग तू टाइम काहाचा काढला?" बाबा म्हणाले. "गाडी सुटाचीच नाही तं पोचाचा टाइम कसा काढते माणूस?"

मला राग आला. तीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसलेल्या माणसाला विमानातलं काय कळतं, असं माझ्या मनात आलं. बोलले नाही, पण तोंडावर दिसलं असणार. बाबांनी उरलेले सेल उचलले.

पंधरा दिवसांनी मेळाव्याचा कार्यक्रम आला. सगळ्यात पहिलं भाषण आमचं, सकाळी अकराला. सोबत एक पत्र होतं की, ज्या राज्यांचा प्रवास दोन तासांच्या आतला आहे त्यांनी त्याच सकाळी यावं, आदल्या रात्री राहण्याची सोय फक्त दूरच्यांसाठी आहे. दूरच्यांची यादी जोडली होती. तीत भोपाळचं नाव होतं. साहेबांनी ती यादी दोनदा वाचली.

मी तिकिटांसाठी एजंटकडे गेले. त्याचं दुकान ऑफिसच्या मागच्या गल्लीत होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या पत्राकडे.

"रायपुर से सीधा गुवाहाटी?" तो म्हणाला. "मैडम, सीधी तो यहाँ से भिलाई की बस नहीं जाती. कुम्हारी में आधा घंटा खड़ी रहती है."

मग त्यानं एका कागदावर लिहून दिलं. रायपूरहून दिल्ली, सकाळी नऊच्या पुढे, कारण दिल्लीहून आलेलंच विमान परत जातं. दिल्लीत उतरायचं, सामान घ्यायचं, थांबायचं. दुपारी दिल्लीहून गुवाहाटी. पोचायला साडेचार.

तो कागद मी साहेबांच्या टेबलावर ठेवला. "सर, आपल्याला आदल्या दिवशी निघावं लागेल," मी हिंदीत सांगितलं. साहेबांनी तसा प्रस्ताव वर पाठवला. वरून तीन दिवसांत उत्तर आलं. 'आपके ही प्रपत्र के अनुसार यात्रा का समय एक घंटा पचास मिनट है. एक दिन पूर्व प्रस्थान का औचित्य स्पष्ट करें.'

औचित्य अगदी सोपं होतं. सरळ विमान नाही, एवढं एक वाक्य लिहायचं. मी ते लिहूनही नेलं.

साहेबांनी पेन उचललं आणि परत ठेवलं. "यह लिखेंगे तो वे पूछेंगे कि पहले वाला किसने लिखा," ते म्हणाले. "अपने ही लिखे को हम कैसे काटें? दिल्ली जा चुका है."

"मग सर?"

"उसी दिन चलेंगे. गुवाहाटी को फ़ैक्स कर दीजिए, हमारा भाषण आख़िर में रख लें."

मी न्हाणीघरात जाऊन फॅक्स केला. पोचल्याची पावती मशीनमधून यायला हवी होती, पण कागदाचा रोल संपला होता. रोल मागवायचा प्रस्ताव साहेबांच्याच टेबलावर होता.

जायच्या दिवशी बाबांनी मला स्कूटरवरून माना विमानतळावर नेलं. आमचा विमानतळ तेव्हा एवढासा होता. बाहेर उभं राहून आतलं विमान दिसायचं. आईनं दशम्या आणि मिरचीचा ठेचा बांधून दिला होता. माझ्या दुसऱ्या हातात कापडी पिशवी, तीत चाळीस कोसे, म्हणजे अजून न उकललेले रेशमाचे कोष.

"कोणत्या रूटनं नेऊन राहिले?" बाबांनी विचारलं.

"दिल्लीहून."

बाबांनी हेल्मेट काढलं. त्यांनी आधी वर आलेल्या सूर्याकडे बघितलं, मग उत्तरेकडे. "पूर्वेले जाचं अन् उत्तरेले काहून चालली?" ते म्हणाले. "आमच्या कंट्रोलरनं अशी गाडी फिरवली असती तं चार्जशीट भेटली असती त्याले." मग मी हिरमुसले हे बघून म्हणाले, "जाय. खिडकीची सीट माग. अन् दशम्या लवकर खा, ठेच्याले पाणी सुटते."

विमान पाऊण तास उशिरा आलं. साहेबांनी घड्याळात बघितलं नाही. त्या दिवशी त्यांनी एकदाही घड्याळात बघितलं नाही, हे मला नंतर आठवलं.

दिल्लीत नवीन रांग, नवीन तपासणी. कोशाची पिशवी मशीनमधून गेली आणि पट्टा थांबला. तिथल्या शिपायानं पिशवी उघडली आणि एक कोसा वर धरला.

"अंडे हैं?"

"कोसा है," मी म्हणाले. "रेशम."

"अंदर क्या है?"

खोटं बोलायचं मला सुचलं नाही. "कीड़ा."

तो एक पाऊल मागे सरकला. "ज़िंदा?"

हे मला माहीत नव्हतं. वाफ देऊन कीडा मारलेले कोसे द्या, असं मी भांडारात सांगितलं होतं, पण दिले कोणते ते कोण बघणार. शिपायानं कोसा कानाशी नेऊन हलवला. "बज रहा है," तो मागच्याला म्हणाला. मागच्यानंही हलवून ऐकलं. रांगेतल्या एका बाईनं तिसरा कोसा मागून घेतला. थोड्याच वेळात पाच-सहा माणसं कानाशी कोसे धरून उभी होती.

"लिखा हुआ कुछ है?" शिपायानं विचारलं. "कोई सर्टिफ़िकेट?"

आणि इथे साहेब पुढे झाले. कागद म्हटल्याबरोबर त्यांच्या अंगात बळ आलं. बॅगेतून लेटरहेड काढलं, पट्ट्याच्या कडेला ठेवलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'प्रमाणित किया जाता है कि संलग्न चालीस कोसों के भीतर के कीड़े मृत हैं.' सही, पदनाम, शिक्का. शिक्का ते बरोबर बाळगत. शिपायानं कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि आम्हाला सॅल्यूट केला. त्यातला एकही कोसा साहेबांनी हातात घेऊन बघितला नव्हता.

दुसऱ्या विमानात साहेब झोपले. मी खिडकीशी होते. तासाभरानं डाव्या हाताला क्षितिजावर पांढरी रांग दिसायला लागली. मला आधी ढग वाटले. मग हवाईसुंदरीनं सांगितलं, हिमालय. आमच्याकडे डोंगर म्हणजे डोंगरगढ़ची टेकडी, जिथे दर नवरात्रात पायऱ्या चढून आई धापा टाकते. मी काचेला नाक लावून बसले. रकाना खरा भरला असता तर मला ऑफिसातून कोणी पाठवलंच नसतं. लांबच्या दौऱ्याला साहेबांचे हॉलमधले लाडके बाबू होते. मी जवळ म्हणून गेले होते. हे लक्षात आलं तेव्हा लाज वाटली, पण मी काचेवरचं नाक मात्र काढलं नाही.

गुवाहाटीला उतरलो तेव्हा पाच वाजायचे होते आणि सूर्य बुडाला होता. साहेबांना वाटलं विमानतळावरचं घड्याळ मागे पडलंय. तिथे दिवस लवकर मावळतो हे नकाशावर धागा धरून कळत नाही. विमानतळापासून शहर आणखी पाऊण तास. हॉलवर पोचलो तेव्हा प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक रचून ठेवत होते. मंचावरचा फलक अर्धा उतरवलेला होता.

मेळावा भरवणाऱ्या बाई दारातच भेटल्या. पन्नाशीच्या, सरकारी अधिकारी, अंगावर मुग्याचा सोनेरी मेखला, म्हणजे त्यांच्याकडची दोन तुकड्यांत नेसायची साडी.

"रायपुर?" त्यांनी विचारलं.

"छत्तीसगढ़," साहेब म्हणाले. "राजधानी."

"आपका तो सबसे पहले था," त्या म्हणाल्या. "हमने बारह बजे तक आपकी राह देखी. सोचा, दो घंटे का रास्ता है, अब आए, अब आए. डिब्रूगढ़ की औरतें रात भर बस में बैठकर आठ बजे पहुँच गईं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच उमजत नव्हतं. "रास्ते में कुछ हो गया क्या?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी पिशवीकडे बघितलं.

"तकनीकी कारण," साहेब म्हणाले.

भोपाळवाल्यांचं भाषण छान झालं, असंही त्या बाईंनी सांगितलं. ते आदल्या संध्याकाळीच येऊन राहिले होते. साहेब फलकाच्या उतरवलेल्या अर्ध्या भागाकडे बघत राहिले. त्यावर राज्यांची नावं होती. आमचं त्या अर्ध्यात होतं.

हॉलच्या कोपऱ्यात एक बाई बसलेली होती. साठीची, बारीक, मांडीवर झोळी. ती विणकर होती, शहराजवळच्या गावातली. तिच्या गावच्या बाकीच्या जणी चारच्या गाडीनं परत गेल्या होत्या. ही थांबली होती, कारण तिला कोसा बघायचा होता. तिला फक्त असमिया यायचं, म्हणून अधिकारी बाई मध्ये बसून हिंदीत सांगू लागल्या.

मी पिशवी तिच्यापुढे रिकामी केली. तिनं एकेक कोसा हातात घेऊन दाबून बघितला, नखानं खरवडला, फांदीला लटकायचा त्याचा देठ बोटात अडकवून बघितला. मग एक कानाशी नेऊन हलवला आणि हसली. काहीतरी म्हणाली.

"कहती है, मर गया है," अधिकारी बाईंनी सांगितलं. "ज़िंदा हो तो भारी बजता है."

म्हणजे साहेबांचं प्रमाणपत्र खरं निघालं. त्या दिवसातली तेवढी एकच गोष्ट.

मग ती बाई बराच वेळ बोलली. अधिकारी बाई ऐकत होत्या आणि हसत होत्या. "इसकी बहुत इच्छा है आपके यहाँ आने की. आपकी औरतें धागा जाँघ पर कातती हैं, वह देखना है. सुबह से पूछ रही है. मैंने बता दिया, पास ही है, दो घंटे. कहती है, सुबह आकर शाम को लौट जाऊँगी. बस कहाँ से मिलेगी?"

"आइए, आइए," साहेब म्हणाले. "नज़दीक ही है."

ती माझ्याकडे बघत होती. तिला हिंदी येत नव्हतं, पण 'नज़दीक' कळलं असावं, कारण तिनं मान डोलावली आणि बोटांवर काहीतरी मोजायला लागली. घरचं कोण बघेल, कोणता वार बरा, असलं काहीतरी असणार. मला अंगणात सेल गोळा करत 'टाइम काहाचा काढला' असं विचारणारे बाबा आठवले.

"नज़दीक नहीं है," मी म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला. "दीदी, इन्हें बता दीजिए. रेल से दो रातें लगती हैं. हावड़ा में गाड़ी बदलनी पड़ती है. फॉर्म में मैंने ग़लत लिखा था. धागे से नापा था."

अधिकारी बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग साहेबांकडे. मग त्यांनी विणकर बाईला सगळं सांगितलं. तिची मोजणारी बोटं थांबली. तिनं एक प्रश्न विचारला.

"पूछती है, धागा कौन सा था?"

"कोसे का."

ती एवढी हसली की तिनं पदर तोंडाला लावला. "कोसा खिंचता है," अधिकारी बाईंनी भाषांतर केलं. "कहती है, मूगा से नापतीं तो ठीक आता."

परतताना दिल्लीच्या विमानतळावर साहेब माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी दशमी मागून घेतली. अर्धी खाऊन झाल्यावर म्हणाले, "आपके पिताजी रेलवे में थे न?"

"हो सर. गार्ड."

"उन्हीं से पूछ लेतीं."

"पूछा था, सर."

"क्या बोले?"

"बोले, सीधी है कि बदलनी है."

साहेबांनी उरलेली दशमी संपवली. ठेच्यानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी रुमालानं टिपलं. मला वाटलं होतं रागावतील. नाही रागावले. फक्त म्हणाले, "भोपाल से भी बदलनी ही पड़ती होगी." आणि त्या विचारानं त्यांना जरा बरं वाटलेलं दिसलं.

दौऱ्याचा अहवाल मला लिहायचा होता. मी खरं लिहिलं. साहेबांनी खोडलं. मी कमी खरं लिहिलं, त्यांनी तेही खोडलं. शेवटी वर गेलेल्या अहवालात होतं: 'दल निर्धारित तिथि को गुवाहाटी पहुँचा तथा कोसे के नमूनों का सफल प्रदर्शन किया गया. बुनकर समुदाय में उत्साह देखा गया.' यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. समुदाय एका बाईचा होता, एवढंच. वरून शेरा आला, 'प्रशंसनीय', आणि त्या शेऱ्यामुळे मला एक नवीन काम मिळालं. सगळ्या राज्यांच्या राजधान्यांपासून रायपूरचं विमानाचं अंतर आणि वेळ काढून तक्ता करायचा, कारण या विषयाचा अनुभव आमच्या विभागाला आहे.

मी एजंटच्या दुकानात आठ दिवस बसले. कुठं चेंज, किती थांबा, सगळं लिहून घेतलं. तोवर साहेबांची भोपाळला बदली झाली होती. ते जाताना मला हात जोडून गेले, हे खरं, आणि भोपाळच्या नंबरची गाडी गेटातून बाहेर पडली तेव्हा वरच्या घरमालकीणबाईही बघायला गॅलरीत आल्या होत्या. नव्या साहेबांनी माझा तक्ता जुन्या आकड्याशेजारी ठेवून बघितला. "पिछले साल गुवाहाटी एक घंटा पचास मिनट था," ते म्हणाले. "अब आठ घंटे? एक साल में राज्य इतना पिछड़ गया?"

पुढच्या हिवाळ्यात आमच्या शहरात रेशमाचं प्रदर्शन भरलं आणि असमहून सात बायकांचा गट आला. ती विणकर बाई त्यांच्यात होती. मी स्टेशनवर गेले, बाबा सोबत आले. त्यांना माणसांपेक्षा गाडी बघायची असते. गाडी चाळीस मिनिटं लेट होती आणि तेवढ्या वेळात बाबांनी फलाटावरच्या दोन जुन्या सोबत्यांना गाठून लेट का, ते काढून घेतलं. ती उतरली ती डोक्यावर झोळी घेऊन. केस विस्कटलेले, पाय सुजलेले. मला बघून तिनं दोन बोटं वर केली, दोन रात्री. मी मान हलवली. बाबांनी तिची झोळी उचलली आणि आपल्या हिंदीत विचारलं, "हावड़ा में प्लेटफ़ॉर्म कौन सा मिला?" तिला कळलं नाही, पण तिनं असमियात लांबलचक उत्तर दिलं आणि बाबा सगळं समजल्यासारखे "हव, हव" करत राहिले.

दुपारी प्रदर्शनात कोशासाठी नावाजलेल्या चांपा गावाकडची एक कातणारी बाई मांडीवर कोशाचा धागा ओढत बसली होती. विणकर बाई तिच्यासमोर जाऊन बसली. थोडा वेळ नुसती बघत राहिली. मग मेखला गुडघ्यावर सरकवला, तिच्यासारखीच मांडीला राख चोळली आणि हात पुढे केला. पहिल्यांदा धागा तुटला. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही तुटला. कातणारीनं तिचं मनगट धरलं, थोडं खाली नेलं आणि छत्तीसगढ़ीत म्हणाली, "धीरे, दीदी." चौथ्यांदा धागा निघाला, लांब, न तुटता, आणि दोघींपैकी कोणीही वर बघितलं नाही.